घोडा कुणाचा?

इंग्रजीत 'अकूटर' असं एक भारदस्त क्रियापद आहे. फ्रेंचातून आलेलं. शिपायाला पट्टा, तलवार, काडतुसांची पिशवी देऊन तयार करायचं, तिथं ते शोभतं. अमळनेरच्या एका विद्यार्थ्यानं मला त्याचा मराठी प्रतिशब्द विचारला. 'सज्ज करणं' असं सांगून मी वेळ मारून नेली. पण घरी येताना बोरीच्या पुलावर खरा शब्द आठवला. सरंजाम!

शब्द फारसी. मूळ अर्थ कामाची पूर्तता. त्यावरून तजवीज आणि तिला लागणारं सामान. पूजेचा सरंजाम आपण अजूनही म्हणतो. मराठेशाहीत मात्र फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नालाच सरंजाम म्हणू लागले. सामानाचं नाव जमिनीला चिकटलं.

कारण त्या काळी माणसाची किंमत एका प्रश्नावर ठरे : घोडा कुणाचा? स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. गंमत अशी, की फारसीत बारगीर म्हणजे ओझं वाहणारं जनावर. मराठीत त्या नावानं वर बसलेला माणूस ओळखला जाऊ लागला! बंगालनं तर १७४०च्या दशकातल्या स्वाऱ्यांनंतर सगळ्याच मराठ्यांना 'बर्गी' करून टाकलं.

शिवाजी महाराजांचा भर बारगिरांच्या पागेवर होता. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी नेमणूक आहे. पाणी आणि नाल यांची काळजी सरकारची, म्हणून हुकूमही सरकारचा. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचं घरच बसे. तो जनावर जपून लढणार, यात नवल ते काय? पुढे सरंजाम वंशपरंपरा झाले आणि घोडा ना राजाचा ना शिपायाचा, सरदाराचा झाला. निष्ठाही तिकडेच गेली. १९५२ साली मुंबई राज्यानं नियम करून सरंजाम खालसा केले. आता 'सरंजामशाही' म्हणताना त्या शब्दात कधी खोगीर आणि तोबरा होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या शेजारी धरणगावला १८२५ साली जेम्स औट्रमनं भिल्ल पलटण उभारली. डोंगरात स्वतःच्या तीरकमठ्यावर जगणाऱ्यांच्या हाती कंपनीची बंदूक आली, अंगावर कंपनीचा गणवेश चढला. शिलेदाराचा बारगीर व्हायला एवढं पुरतं. पलटणीचा इतिहास लिहिणारे याला सुधारणा म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो.

खानदेशात शेतावर वर्षाच्या करारानं राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात; त्याचं साल आखाजीला सुरू होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी अमळनेरच्या बाजारात मी एका सालदाराला घुंगरमाळा निवडताना पाहिलं. प्रत्येक माळ कानाशी नेऊन तो वाजवून बघत होता. पैसे मालकानं दिले होते.

"बैल कुणाचे?" मी विचारलं.

"आमनाच," तो म्हणाला.