सायकलींचा देश जन्मजात नव्हता

हॉलंड म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे 'सिलसिला'तला ट्युलिपच्या ताटव्यांतला अमिताभ-रेखाचा सीन आणि दुसरी म्हणजे सायकली. (खरं नाव नेदरलँड्स, पण आपल्या तोंडी हॉलंडच बसलंय, त्यामुळे तेच वापरतो.) आयटीतलं कुणीही तिकडे ऑनसाइटला गेलं की पहिल्याच आठवड्यात स्टेशनबाहेरच्या हजारो सायकलींचा फोटो येतो. त्याखाली ठरलेल्या प्रतिक्रिया: "त्यांचा देश सपाट आहे हो!", "त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याकडे कुठलं जमायला!"

सपाट आहे हे खरं. पण रक्ताबिक्ताचं काही नाही. हॉलंडचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास वाचला तर वेगळीच गोष्ट समोर येते, आणि ती आपल्या फार जवळची आहे. म्हणून हा लेख.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिकडे सायकली भरपूर होत्या. इतक्या, की १९२४ पासून सरकारने सायकलवर चक्क कर बसवला होता! युद्धानंतर मात्र हातात पैसा आला आणि लोकांनी गाड्या घेतल्या. १९६० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास असलेल्या मोटारी १९७० पर्यंत चोवीस लाखांवर गेल्या. दहा वर्षांत जवळजवळ पाचपट. रस्ते तेच, गल्ल्या त्याच. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. चौक पार्किंगचे तळ झाले, घरं पाडून रस्ते रुंद झाले आणि सायकलवाला म्हणजे रहदारीतली अडचण ठरला. १९६७ साली डेव्हिड जोकिनेन नावाच्या अमेरिकन नियोजकाने ॲमस्टरडॅमसाठी योजना मांडली. तिच्यात एक जुना कालवा बुजवून त्यावरून सहापदरी रस्ता न्यायचा होता. ती बासनात गेली. पण उट्रेख्ट शहरात मध्यवस्तीभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक भाग सत्तरच्या दशकात खरोखरच आटवला आणि तिथे महामार्गाच्या धर्तीचा रस्ता केला. तेव्हा त्याला 'विकास' म्हणत असत. ओळखीचं वाटतंय ना?

आता या विकासाचं बिल. १९७२ हे तिथलं सगळ्यात वाईट वर्ष. रस्त्यांवर सुमारे ३,२६० माणसं मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा होती सव्वा कोटीच्या थोडी पुढे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, मेलेल्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. शाळेत जाताना, चेंडूमागे धावताना, सायकलवरून मैत्रिणीकडे जाताना.

विक लांगेनहॉफ हे 'द टाइड' या दैनिकातले पत्रकार. त्यांची मुलगी अशाच अपघातात गेली. १९७२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'बालहत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या. हा शब्द लोकांना झोंबला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये व्हान पुटेन पुढे युरोपियन संसदेत गेल्या. पण तेव्हा त्या लहान मुलांची एक तरुण आई होत्या, बस्स. या मंडळींनी केलं काय? जिथे अपघात झाला तो रस्ता अडवून बसायचं. गल्ली बंद करून मुलांना खेळायला सोडायचं. सायकलींचा जथा घेऊन थेट पंतप्रधानांच्या घरासमोर जायचं आणि गाणी म्हणायची! ॲमस्टरडॅमच्या एका दाटीवाटीच्या वस्तीत तर शाळकरी पोरांनीच सह्या गोळा करून रस्ता अडवला. गाडीवाल्यांशी त्यांची हमरीतुमरी झाली आणि १९७२ च्या एका माहितीपटातून ती साऱ्या देशाने पाहिली.

तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं. नोव्हेंबर १९७३ पासून जानेवारी १९७४ पर्यंत रविवारी मोटारी चालवायला बंदी होती. लोक हायवेवर सायकली आणि रोलर स्केट्स घेऊन उतरले. गाड्या नसल्या की आपलं गाव कसं दिसतं, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मते याचा परिणाम दहा भाषणांपेक्षा जास्त झाला असणार.

पुढे काय झालं, तो भाग मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडतो. कारण त्यांचं पहिल्या फटक्यात जमलं नाही. १९७५ ते ७७ मध्ये हेग आणि टिलबुर्ग या शहरांत सरकारी पैशाने एकेक झकास सायकलमार्ग बांधला गेला. दुकानदारांनी बोंब मारली की आमचं गिऱ्हाईक जाणार. मार्ग चालला, त्यावर सायकली वाढल्या. पण शहरातली एकूण सायकलिंग काही फारशी वाढली नाही. का? तर एक रस्ता छान असून भागत नाही. घरापासून ऑफिसपर्यंतच्या वाटेत एक जरी चौक जीवघेणा असला तरी आई मुलाला सायकलवर पाठवत नाही. मग डेल्फ्ट शहरात सगळीकडे जोडलेलं अख्खं जाळं बांधलं गेलं, आणि सायकली थोड्या पण नक्की वाढल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर एक मॉड्यूल चकाचक करून सिस्टिम चालत नाही, इंटिग्रेशन लागतं.

१९९२ मध्ये तिथल्या रस्तासुरक्षा संशोधन संस्थेने हे सगळं एका तत्त्वात बसवलं. त्याला ते 'टिकाऊ सुरक्षा' म्हणतात. गाभा सोपा आहे: माणूस चुकणारच, हे गृहीत धरा. रस्ता असा बांधा की चूक झाली तरी जीव जाऊ नये. त्यातला एक नियम म्हणजे ज्यांचं वजन आणि वेग फार वेगळा आहे त्यांना एकत्र ठेवू नका. एकत्र ठेवायचंच असेल तर वेग उतरवा.

अकरावीचं फिजिक्स आठवा. २० टनांचा ट्रक ताशी ५० किमीने चाललाय. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो, वेग १५. दोघांची गतिज ऊर्जा काढली तर ट्रकची सुमारे अडीच हजार पट येते. एवढ्या फरकाला 'जपून चालवा'ची पाटी पुरणार आहे का? तोच ट्रक ३० वर आणला तर त्याची ऊर्जा ३६ टक्क्यांवर येते. म्हणून वस्तीत सगळ्यांना ३०, आणि मोठ्या रस्त्यावर सायकलला वेगळी वाट. यात शिस्त कुठे आली? हे साधं गणित आहे.

ट्रकची मात्र एक वेगळी गोची आहे. वळताना. तिकडे उजव्या बाजूने चालवतात, त्यामुळे उजवीकडे वळणारा ट्रक आणि त्याच्या उजव्या अंगाला सरळ जाणारा सायकलस्वार ही जोडी घातक. (आपल्याकडे हेच डावीकडे.) केबिन उंच, त्यामुळे अगदी खेटून उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही. २००३ पासून हॉलंडने ट्रकना या आंधळ्या कोपऱ्यासाठी जादा आरसा किंवा कॅमेरा सक्तीचा केला. सुरुवातीला मृत्यू घटले, पण नंतर परत वाढले. कारण आरसा असला तरी ऐन वळणात इतक्या आरशांत एकाच वेळी बघणार कोण? आपल्याकडे हे काम क्लीनर करतो. डाव्या खिडकीतून डोकं बाहेर, दारावर थापा आणि "आन दे, आन दे"! त्याला हसू नका. ज्या ट्रकवर क्लीनर नाही, त्याची डावी बाजू रामभरोसे.

म्हणून मग उपाय रस्त्यात शोधले. चौकात सायकलची थांबायची रेघ ट्रकच्या पुढे, म्हणजे ती समोर दिसते. काही चौकांत दोघांना वेगवेगळा सिग्नल. शाळेत खराखुरा ट्रक आणून मुलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात, की बघा, इथून तुमचा मित्र दिसत नाही. लंडनने तर ट्रकच्या खिडकीलाच तारे दिले: केबिनमधून थेट किती दिसतं, त्यावर शून्य ते पाच. १२ टनांवरच्या ट्रकना २०२१ पासून परवान्याची सक्ती झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे किंवा जादा सुरक्षा यंत्रणा लागते.

मग हॉलंडमध्ये सगळं आलबेल आहे का? नाही. २०२२ मध्ये तिथे ७४५ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यात २९१ सायकलस्वार होते, मोटारीतल्यांपेक्षा जास्त. त्यात वयस्कर मंडळी खूप, आणि ई-बाइकच्या वेगाचा नवा प्रश्न आलाय. पण ३,२६० वरून ७४५, आणि तेही गाड्या कितीतरी पटींनी वाढलेल्या असताना.

आपला आकडाही लिहायलाच हवा. २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. आणि पुणं तर एकेकाळी सायकलींचं शहरच म्हणवून घ्यायचं. डिसेंबर २००६ मध्ये बीआरटी आली, तिच्या बाजूने सायकल ट्रॅकही आले. पुढे त्यांवर काय काय उभं राहिलं ते पुणेकरांना सांगायला नको. दुचाक्या, टपऱ्या, मांडव. जागोजागी तुटलेला ट्रॅक, म्हणजे टिलबुर्गपेक्षाही अर्धवट प्रयोग. त्यावरून "आपल्याकडे सायकल चालत नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे अर्ध्यावर सोडलेलं प्रोजेक्ट बघून कल्पनाच चूक म्हणण्यासारखं आहे.

जाता जाता, उट्रेख्टचा तो आटवलेला कालवा. सप्टेंबर २०२० मध्ये रस्ता काढून तिथे पुन्हा पाणी खेळवलं गेलं. लोक आता तिथून होड्या नेतात. त्याला लागली जवळजवळ पन्नास वर्षं. पण सुरुवात कुणा हुशार नियोजकाने केली नव्हती. "माझ्या मुलीचा अपघात झाला" म्हणण्याऐवजी एका बापाने दुसरा शब्द वापरला आणि इतर आईबापांना तो पटला. आपल्याकडे त्या बातमीसाठी पेपरात अजून आतल्या पानावर दोन इंच जागा असते.