हेपारिनचे नॅनोकण वाहक

हेपारिन हे रक्तगोठणरोधक औषध इंजेक्शनाऐवजी तोंडावाटे देता यावे म्हणून ते ज्या अतिसूक्ष्म कणांत बांधतात, त्यांना हेपारिनचे नॅनोकण वाहक म्हणतात. काटेकोर व्याख्येने नॅनोकण १०० नॅनोमीटरच्या आतला असतो. औषधनिर्माणशास्त्र याबाबत सैल आहे, तिथे १,००० नॅनोमीटरपर्यंतचे कणही चालतात. सशांवर आणि उंदरांवर या वाहकांचे चांगले परिणाम अनेकदा दिसले, पण अशी गोळी रुग्णांच्या नित्य वापरात आलेली नाही. आतड्यातून पुरेसे औषध शोषले जात नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते खोटे नाही, पण त्याने निम्मीच अडचण कळते. उरलेली आणि जास्त अवघड अडचण अशी, की किती औषध शोषले जाईल याचा दर वेळी भरवसा देता येत नाही.

हेपारिनचा शोध १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून सुरू झाला. आज हे औषध मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. आतड्यातून निघणाऱ्या या पदार्थाला आतड्यातूनच आत शिरता येत नाही, हा विरोधाभास गमतीचा खरा, पण त्यामागचे रसायन सरळ आहे. हेपारिन ही शर्करांची लांब साखळी असून तिचा सरासरी रेणुभार सुमारे १५,००० डाल्टन असतो. तिच्यावर सल्फेट गटांची दाटी असल्याने ती तीव्र ऋणभारित असते. याच ऋणभारामुळे ती रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला घट्ट धरते आणि त्याच्याकरवी थ्रॉम्बिन व दहावा गोठणघटक निष्क्रिय करते. पण आतड्याचा श्लेष्मा आणि पेशींची पटलेही ऋणभारितच असतात आणि तिला दूर लोटतात. रेणू छोटे करून मिळवलेले एनॉक्सापरिन सुमारे ४,५०० डाल्टनचे असते, तरी पेशींमधल्या फटींसाठी तेही मोठेच.

वाहकाने हा भार झाकावा आणि औषध पेशींच्या अगदी जवळ नेऊन सोडावे, अशी कल्पना आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे धनभारित कायटोसान त्यासाठी फार वापरले जाते. ते हेपारिनला सहज बांधते, श्लेष्म्याला चिकटते आणि पेशींमधले सांधे थोडा वेळ सैल करते. मात्र त्याचा धनभार आम्लातच टिकतो आणि लहान आतड्यात पुढे सरकताना कमी होत जातो. दुसरा मार्ग कृत्रिम बहुवारिकांचा. फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी २००२ साली पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखी बहुवारिके वापरून केलेले कण सशांना तोंडावाटे दिले. नुसत्या हेपारिनच्या द्रावणाचा काहीच परिणाम दिसला नाही, पण कणांमुळे रक्त गोठण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला आणि शिरेतून दिलेल्या औषधाच्या तुलनेत जैवउपलब्धता २३ टक्के भरली.

तेवीस हा आकडा शून्याच्या शेजारी मोठा दिसतो. पण शोषण जितके कमी, तितका त्यातला चढउतार जास्त बाधतो. ज्या औषधाचे ८० टक्के शोषण होते, त्याचे एखाद्या दिवशी अगदी सगळे शोषले गेले तरी रक्तातली मात्रा नेहमीच्या सव्वापटच होईल. ज्याचे ५ टक्के शोषण होते, त्याचे जेवण, जुलाब किंवा आतड्याच्या मंद हालचालीमुळे १० टक्के झाले, तर मात्रा दुप्पट होते. जीवनसत्त्वाच्या बाबतीत याकडे कानाडोळा करता येईल. रक्तगोठणरोधकाची मात्रा कमी पडली तर गुठळी होते आणि जास्त झाली तर रक्तस्राव.

यावर दाबिगाट्रान या तोंडावाटे घ्यायच्या रक्तगोठणरोधकाचा दाखला देता येतो. त्याची जैवउपलब्धता जेमतेम साडेसहा टक्के असूनही ते जगभर वापरले जाते. आक्षेप वजनदार आहे, पण दाबिगाट्रान हा छोटा रेणू आहे, त्याच्या कॅप्सूलमध्ये टार्टारिक आम्लाचे गाभे मुद्दाम घातलेले असतात आणि २००९ साली प्रसिद्ध झालेली त्याची चाचणी अठरा हजारांवर रुग्णांवर झाली होती. एवढी काळजी घेऊनही कॅप्सूल फोडून आतले दाणे घेतले तर शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते, म्हणून ती फोडू नये असे माहितीपत्रकात बजावलेले असते.

दुसरा आक्षेप असा, की दाबिगाट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, एपिक्सॅबान या गोळ्या असताना हेपारिनचा खटाटोप कशाला? बहुतेक रुग्णांपुरता हा आक्षेप योग्यच आहे. अपवाद गरोदर स्त्रियांचा. वॉरफरिन हे जुने रक्तगोठणरोधक वार ओलांडून गर्भाला इजा करू शकते आणि या नव्या गोळ्या गरोदरपणात टाळल्या जातात. हेपारिन वार ओलांडत नाही, म्हणून त्याची इंजेक्शने महिनोन्महिने रोज टोचून घ्यावी लागतात. तोंडावाटे घ्यायच्या हेपारिनची खरी गरज इथे आहे, आणि मात्रेतली चूक सर्वांत कमी खपते तीही इथेच.

शोषणातल्या चढउताराची अडचण स्नॅक (SNAC) या शोषणवर्धकाच्या कथेतही दिसते. हा नॅनोकण नव्हे, पण हेपारिनबरोबर तो द्रवरूपात देऊन नितंबसांधा बदललेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एनॉक्सापरिनच्या इंजेक्शनापेक्षा तो सरस ठरला नाही. त्याची चवही रुग्णांना नकोशी होती. तोच स्नॅक पुढे मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइडच्या गोळीत यशस्वी झाला आणि २०१९ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्या गोळीतलेही फक्त एक टक्क्याच्या आसपास औषध शोषले जाते. पण सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य सुमारे एक आठवडा असल्याने रोजचे चढउतार एकमेकांत मिसळून जातात. हेपारिनचे अर्धायुष्य तासांत मोजावे लागते, तिथे ही सवलत नाही.

औषध हळूहळू सोडणारे कण हा यावर एक उपाय ठरू शकतो. पण अचानक रक्तस्राव सुरू झाला तर इंजेक्शन थांबवता येते, आतड्याला चिकटलेले कण परत काढता येत नाहीत. उतारा म्हणून दिले जाणारे प्रोटामिन अल्पकाळ टिकते आणि एनॉक्सापरिनला तर अंशतःच निष्प्रभ करते. त्यामुळे कणांतून औषध झिरपत असेपर्यंत प्रोटामिन पुन्हा पुन्हा द्यावे लागेल.