काष्ट्यापासून सायकलच्या चड्डीपर्यंत

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील. विषय आहे लांबवर सायकल चालवताना घालायची गादीवाली चड्डी. ती कशासाठी असते, कुठून आली आणि घ्यायची झाली तर कशी बघून घ्यावी, हे आज बोलू.

मी गोरेगावात बचत गटांचं काम बघते. आमच्याकडे आरे कॉलनीच्या रस्त्यावर रविवारी सकाळी सायकलवाल्यांची रांग लागते. काळ्या, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या घालून ते जातात आणि दूध घ्यायला निघालेल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. पूर्वी मीही हसायची. पण आमच्या गटातल्या एका ताईने दोन महिन्यांत सायकल सोडली, तेव्हा मी कारण विचारलं. आधी म्हणाली, "जमत नाही." चार जणी उठून गेल्यावर म्हणाली, "अगं, मांड्यांत सोलून निघतं. कुणाला सांगू?" वीस रुपये रिक्षाचे वाचत होते, वेळ वाचत होता. तरी सायकल कोपऱ्यात गेली, कारण दुखण्याची जागा सांगण्यासारखी नव्हती.

बाईने वाहनावर कसं बसावं आणि काय घालून बसावं, हा वाद फार जुना आहे. तो सायकलच्या आधीपासून, घोड्यापासून चालत आला आहे.

कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना दिली होती. नवऱ्यामागे १८२७ ते १८३३ अशी सहा वर्षं तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. गादी गेल्यावर तिचा तळ गंगाकाठी फत्तेगडला होता. तिथे १८३५ साली फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायला जायची. तिने पाहिलेलं सगळं पुढे पुस्तकात लिहून ठेवलं. बायजाबाईच्या तळावरच्या मराठा बायका घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसत. इंग्रज बायका मात्र दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसत, आणि त्यासाठी वेगळं वाकडं खोगीर असे. आपल्या बायकांना त्याचं मोठं हसू आलं. फॅनीबाई मराठी पद्धतीने बसून पाहिल्यावर म्हणाली की हेच बरं. आपल्या लुगड्याबद्दलही तिने लिहिलं आहे. एकच लांब वस्त्र गुंडाळायचं, त्याचा भाग पायांमधून मागे घेऊन खोचायचा, म्हणजे परकरही होतो आणि विजारही होते. आपला काष्टा तो हाच. जी सोय आपल्या आजीपणजीकडे आधीपासून होती, तिच्यासाठी विलायतेतल्या बायकांना पुढे साठसत्तर वर्षं भांडावं लागलं.

ते भांडण सायकलने पेटलं. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी आजच्यासारखी, जवळजवळ सारख्या दोन चाकांची आणि साखळीची सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर केला. बायकाही सायकल चालवू लागल्या, पण घोट्यापर्यंतचा घोळदार झगा साखळीत अडकायचा. अमेरिकेत १८५१ च्या सुमारास अमेलिया ब्लूमर यांनी झग्याखाली सैल विजार घालावी असा प्रचार केला होता आणि त्यांची भरपूर टिंगल झाली होती. सायकल आल्यावर तीच विजार पुन्हा बाहेर निघाली. १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या घरंदाज बाई अशी विजार घालून सायकलने सरे परगण्यातल्या एका खाणावळीत जेवायला गेल्या. मालकिणीने त्यांना बायकांच्या चांगल्या दालनात बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत जा म्हणून सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८९९ साली हार्बर्टनबाईंच्या बाजूने निकाल लागला नाही. सायकलने बाईची तब्येत बिघडते, चेहरासुद्धा बिघडतो, असं लिहिणारे डॉक्टरही त्या काळी होते.

विजारीचा वाद असा चारचौघांत झाला. सीटवर घासण्याचं दुखणं मात्र आतल्या आत राहिलं. लांब शर्यती करणाऱ्या पुरुषांनी त्यावर उपाय शोधला होता. ते लोकरीची आखूड चड्डी घालत आणि तिच्या आत, बसायच्या जागी, मऊ कातड्याचा तुकडा शिवत. आल्प्सच्या डोंगरात शॅमॉय नावाचा बकरीसारखा प्राणी असतो, त्याचं हे कातडं. गाडी पुसायला मिळतं त्या शॅमी कातड्याचं नावही तिथूनच आलं. हा तुकडा गादी म्हणून नव्हता. शिवण अंगाला लागू नये आणि घासू नये, एवढंच त्याचं काम. धुतल्यावर कातडं वाळून कडक व्हायचं, मग त्याला मलम चोळून मऊ करावं लागायचं. १९५८ साली अमेरिकेत लायक्रा हा ताणला जाणारा धागा निघाला. १९७० च्या दशकात त्याच्या चड्ड्या आल्या, आणि पुढे कातड्याच्या जागी मऊ कापड आणि फोमची गादी बसली.

पण हे सगळं झालं ते पुरुषांच्या मापाने. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती १८९६ च्या पहिल्याच खेळांपासून आहेत. बायकांची पहिली शर्यत झाली १९८४ साली, म्हणजे ८८ वर्षांनी. शर्यतीत बाईच नाही, तर तिच्या अंगाच्या घडणीची गादी कोण कशाला कापेल? बायकांसाठी वेगळ्या आकाराची गादी सर्रास मिळू लागली ती पुष्कळ नंतर.

आपल्याकडे तर उलटंच घडलं. विसाव्या शतकात शहरातल्या शिकलेल्या बायकांत नऊवारी मागे पडली आणि सहावारी गोल साडी आली. काष्टा गेला आणि त्याबरोबर दोन्हीकडे पाय टाकून बसणंही गेलं. स्कूटर आली तेव्हा आपण मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसू लागलो. ज्या बसण्याला बायजाबाईच्या तळावरच्या बायका हसल्या, तेच आपल्याकडे मर्यादशीर ठरलं. सायकल साडीतही चालवली बायकांनी. त्यासाठी आडवी दांडी खाली घेतलेली लेडीज सायकल आली, पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आली. म्हणजे साडी सांभाळली गेली. आतल्या घासण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

१९९१ नंतर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. काय सोयीचं हे चालवणारीलाच नीट कळतं, ते असं.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. लांबच्या प्रवासालाही आपल्या मुली निघाल्या आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पुरी केली. पुण्याच्याच प्रीती मस्के या दोन मुलांच्या आईने २०२२ साली लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं डोंगरी अंतर ५५ तास १३ मिनिटांत कापलं. इतका वेळ सीटवर काढणारीला कपड्याचा विचार करावाच लागतो.

आता कामाचं बोलू. रोजचं जाणं दोन-तीन किलोमीटरचं असेल तर गादीवाली चड्डी लागत नाही. जाड शिवण नसलेली सुती चड्डी आणि वर सलवार किंवा लेगिंग पुरे. तासाभराच्या वर सलग सायकल असेल, तर विचार करा. पण त्याआधी सीट बघा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकून पाय सरळ होतो का? झाला, तर उंची साधारण ठीक. सीटचं टोक वर उचललेलं नको. आपल्याला बसायची दोन हाडं असतात, ती दोन्ही सीटवर टेकली पाहिजेत. फार मऊ, फुगीर सीटवर हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. चड्डीच्या गादीचंही तेच आहे. जाड दिसली म्हणून घेऊ नका. बोटाने दाबून बघा, लगेच चपटी झाली तर तासाभरात तिचा उपयोग संपेल. मागे रुंद, पुढे निमुळती आणि मधोमध शिवण नसलेली गादी बायकांना बरी पडते.

दुकानात नीट सांगून मागा. मुली शाळेच्या स्कर्टखाली घालतात त्या पातळ चड्डीलाही दुकानदार "सायकलिंग शॉर्ट्स" म्हणतात, तिच्यात गादी नसते. घालून बघताना उभं राहून आरशात बघण्यापेक्षा हँडल धरल्यासारखं वाका. कुठे चुणी पडते का, मांडीचं इलॅस्टिक रुततं का, गादी अंगाला धरून राहते का, ते बघा. खांद्यावर पट्टे असलेली चड्डी जागची हलत नाही, पण लघवीला जाताना वरचे कपडे काढावे लागतात. आपल्या रस्त्यांवर आडोसा किती मिळतो ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा साधी कमरेची घ्या. तशी बाहेर पडायला संकोच वाटला तर वरून सैल सलवार घाला, काही बिघडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. आतल्या चड्डीची शिवण घासते आणि घाम धरते, मग गादीचा उपयोग राहत नाही. म्हणूनच ही चड्डी प्रत्येक वेळी धुवायची आणि उलटी करून उन्हात वाळवायची. गटाने एक घेऊन आळीपाळीने वापरायची वस्तू ही नव्हे, जिची तिची वेगळी हवी. मांड्या घासतात तिथे निघण्याआधी थोडी व्हॅसलिन लावा. पाळीत सॅनिटरी पॅडची कड घासते, कप वापरणारीला हा त्रास कमी होतो. घरी आल्यावर घामाचे कपडे लगेच बदला. गळू झालं, ताप आला किंवा खाली बधिरपणा राहिला, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आमच्या त्या ताईचं सांगायचं राहिलं. तिला चड्डी विकत घ्यावीच लागली नाही. सीट दोन बोटं खाली घेतली, टोक सरळ केलं, जाड शिवणीची चड्डी बदलली आणि तिचं भागलं. तिला अडवलं होतं ते न बोलण्याने.

तुमच्या गावात कोणाच्या दारात नुसती उभी सायकल असेल, मुलीला मिळालेली असेल किंवा सुनेची असेल, तर पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर तिला बाजूला घेऊन विचारा, "दुखतं का गं?" पुरुष मंडळी नसताना विचारा, म्हणजे ती खरं सांगेल.