परंपरा जपणारे पंडित नवा विचार करतात का? पुण्यातल्या १९८३च्या संवादाची गोष्ट

‘कुरुंद्यात पाऊस पडतोय’ असं कुणी म्हणालं आणि प्रत्यक्षात तिथे कडक ऊन असेल, तर ते वाक्य नेमकं कशाबद्दल असतं? नसलेल्या पावसाबद्दल? असे प्रश्न भाषा आणि तर्काच्या आधारे तपासणारी विसाव्या शतकातली परंपरा म्हणजे विश्लेषक तत्त्वज्ञान.

दोन ओढी कोणत्या?

पहिली ओढ रूढ समजुती जपण्याची. जी. ई. मूर यांनी १९२५ मध्ये म्हटलं की, मला शरीर आहे, पृथ्वी माझ्या जन्माआधीपासून आहे, हे मला नक्की ठाऊक आहे. ते नाकारणाऱ्या सिद्धान्तावरच शंका घ्यायला हवी. दुसरी ओढ कल्पनेच्या झेपेची. डेव्हिड लुईस यांनी १९८६ मध्ये मांडलं की, शक्य असलेली सगळी जगं आपल्या जगाइतकीच खरी आहेत. राजकारणातल्या उजव्या-डाव्याशी याचा संबंध नाही.

पुण्यात काय झालं?

१९८३ मध्ये मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ आणि संस्कृत पंडित यांना समोरासमोर बसवलं. विषय होता बर्ट्रांड रसेल यांचा विधानाविषयीचा सिद्धान्त. रसेल यांचे मुद्दे संस्कृतात मांडले गेले. ही चर्चा १९९१ मध्ये ‘संवाद’ या नावाने पुस्तकरूपात आली.

न्यायदर्शनाकडे पावसाच्या कोड्याचं उत्तर आधीपासून आहे. कुरुंदा खरं, पाऊसही खरा; चुकीची आहे ती दोघांची घातलेली सांगड. रसेल यांनीही एका टप्प्यावर खोट्या समजुतीचं स्पष्टीकरण जवळपास असंच दिलं होतं.

मग पंडित फक्त जुनंच सांगत होते?

नाही. अशाच संवादांमध्ये वाराणसीचे नैयायिक बदरीनाथ शुक्ल यांनी एक धाडसी शक्यता तपासली: वेगळा आत्मा न मानता, शरीर आणि मन यांच्या आधारे न्यायदर्शन उभं राहील का? आत्मा हा तर न्यायाचा पायाच. तरीही त्यांनी न्यायाचेच नियम वापरून हा युक्तिवाद केला.

आपल्याला याचं काय?

कमेंटमध्ये आपण पटकन कुणाला ‘सनातनी’, कुणाला ‘पुरोगामी’ ठरवून मोकळे होतो. शुक्ल यांना यातलं कोणतं लेबल लावणार? परंपरा आतून नीट माहीत होती, म्हणूनच तिचा कोणता खांब काढून पाहता येईल, हे त्यांना कळलं. त्यामुळे लेबल लावण्याआधी समोरच्याचा युक्तिवाद काय आहे, तेवढं विचारून पाहा.