नीळकंठशास्त्री गोऱ्हे : दोन पक्षांचा एक पंडित

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि हिंदू पंडित यांच्यांत मुंबईस जे धर्मवाद झाले, त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक १८३१ सालचा, जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा. दुसरा १८५७ सालचा, विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी चौपाटीच्या वाळवंटावर पाद्र्यांशी केलेला. दोन्ही वादांची हकीकत पुढे छापली गेली. परंतु वाद संपला तेव्हा दोन्ही पक्ष आपापल्या जागी कायम होते. याच काळात महाराष्ट्रापासून दूर, काशी क्षेत्रात, एक निराळाच वाद घडला. त्यात एकाच मराठी पंडिताने आधी एक पक्ष मांडला आणि पुढे आयुष्यभर दुसरा. त्या पंडिताचे नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे.

ज्या १८२५ साली कोकणात विष्णुबावा जन्मले, त्याच साली बुंदेलखंडात, झाशीजवळच्या काशीपुरा गावी, एका चित्पावन घराण्यात नीळकंठांचा जन्म झाला. वाढले ते काशीत. न्याय, व्याकरण आणि वेदान्त यांचे अध्ययन त्यांनी जुन्या पाठशाळेच्या पद्धतीने केले. वयाच्या विशीच्या सुमारास ते विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याकडे गेले, ते त्याला वादात जिंकण्याच्या हेतूने. स्मिथने त्यांच्या हाती एक संस्कृत पुस्तक दिले : जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केलेली ‘मतपरीक्षा’.

म्यूर हा संस्कृतचा खरा अभ्यासक होता. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, श्लोकबद्ध संस्कृतात त्याने खऱ्या धर्माच्या कसोट्या सांगितल्या होत्या आणि त्या ख्रिस्ती धर्मालाच लागू पडतात असे प्रतिपादिले होते. या पुस्तकाला पंडितांकडून उत्तरे आली. त्यांपैकी एक सिहोरच्या सोमनाथ ऊर्फ सुबाजी बापू या मराठी पंडिताचे होते. परंतु सर्वांत सखोल उत्तर होते ते तरुण नीळकंठशास्त्र्यांचे. त्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला.

या ग्रंथाचा रोख चमत्कारांवर किंवा पुराणकथांवर नव्हता. ईश्वराच्या न्यायीपणावर होता. ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान आहे, तर ज्यांनी काहीच अपराध केला नाही अशा मुक्या प्राण्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या वाट्यास दुःख का यावे? चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी न संपणारा नरक, हा कोणता न्याय? ज्या मनुष्याच्या कानावर ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्याने कोणता अपराध केला? नीळकंठशास्त्र्यांच्या मते या प्रश्नांना पूर्वजन्म आणि कर्म मानल्यावाचून उत्तर नाही. ही भूमिका नवी नव्हती. जगातील विषमता पाहून ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो, याची दखल ब्रह्मसूत्रांनीही घेतली आहे आणि त्याचे निरसन कर्माच्याच आधारे केले आहे. नवीन होता तो या विचाराचा परधर्माच्या ईश्वरकल्पनेवर केलेला उपयोग.

तथापि उत्तर लिहून झाले तरी शंका मिटली नाही. प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचता वाचता स्वपक्षाविषयीच प्रश्न उभे राहिले, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव नेहेम्या झाले. याची किंमत लहान नव्हती. स्वजनांशी ताटातूट झाली. पत्नीने त्यांच्यामागून नवा धर्म स्वीकारला, पण एक तान्ही मुलगी मागे ठेवून ती लवकरच वारली. या मुलीचा सांभाळ इतरांच्या घरी झाला. हीच पुढे भक्तिगीतांची कवयित्री म्हणून इंग्रजी जगात ओळखली गेलेली एलन लक्ष्मी गोऱ्हे.

१८६० साली गोऱ्ह्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. दोन वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केले. आता खंडनाचा विषय होता सहा दर्शने, आणि खंडन करणारा त्याच दर्शनांत मुरलेला. जीव आणि परमाणू जर अनादी आहेत, तर ईश्वर त्यांचा कर्ता कसा? कर्म अनादी म्हटल्याने विषमतेचा उलगडा होतो, की प्रश्न केवळ मागे मागे ढकलला जातो? वेदान्ताविषयीचा त्यांचा आक्षेप सर्वांत तीक्ष्ण आहे : पाप, पुण्य आणि पाप करणारा जीव हे सारे परमार्थतः खरे नसेल, तर नीतीला आधार कशाचा? व्यवहारात सत्य आणि परमार्थात असत्य, या विभागणीने त्यांचे समाधान झाले नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोन्ही ग्रंथांतील निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी कसोटी एकच आहे. जो ईश्वर न्यायी ठरत नाही तो पूज्य ठरत नाही, ही ती कसोटी. ती त्यांनी परधर्माला लावली तशीच पूर्वधर्मालाही लावली. स्वतःलाही त्यांनी त्यातून वगळले नाही. धर्मांतरानंतरही संशयाने त्यांची पाठ सोडली नाही, आणि ज्या अनंत नरकाच्या कल्पनेवर त्यांनी तरुणपणी प्रहार केला होता, ती त्यांना पुढेही अस्वस्थ करीत राहिली.

१८७० साली ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले आणि पुढे पुण्यातही त्यांनी कार्य केले. ब्राह्म व प्रार्थना समाजांच्या एकेश्वरवादाशी त्यांचा वाद होता. ईश्वर दयाळू पिता आहे, ही कल्पना मनुष्यबुद्धीला आपोआप सुचत नाही, ती ख्रिस्ती धर्मातून घेतलेली आहे, असे ते म्हणत. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आपल्या निर्णयावर गोऱ्ह्यांच्या लेखनाचा प्रभाव पडल्याचे सांगितले आहे.

१८९५ साली मुंबईत गोऱ्ह्यांचे निधन झाले. त्यांच्या तारुण्यातील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ तोवर हस्तलिखितातच होता. तो स. ल. कात्रे यांनी संपादून १९५१ साली उज्जैन येथून प्रसिद्ध केला. त्यामुळे आज जिज्ञासूला त्यांचे दोन्ही पक्ष त्यांच्याच शब्दांत वाचता येतात. कोणता पक्ष बलवत्तर, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु खंडन करावयाचे ते मत आधी पूर्ण समजून घ्यावे आणि त्याचे सर्वांत समर्थ रूप समोर ठेवावे, ही जुन्या शास्त्रार्थाची शिस्त होती. गोऱ्ह्यांनी धर्म बदलला, ही शिस्त मात्र सोडली नाही.