बाप-लेकाचे लागोपाठ षटकार

१४ सप्टेंबर १९९०. अ‍ॅनाहाइमचं मैदान, पहिलाच डाव. सिएटल मरिनर्सच्या ४० वर्षांच्या केन ग्रिफीनं होमरन मारला, म्हणजे आपल्या भाषेत षटकार. पुढचा फलंदाज होता २० वर्षांचा केन ग्रिफी, त्याचा मुलगा. त्यानंही चेंडू कुंपणापलीकडे धाडला. मेजर लीगमध्ये बाप-लेकाचे लागोपाठ होमरन त्याआधी कधीच लागले नव्हते.

सीनिअर तेव्हा उतरणीला लागला होता. १९७५ आणि १९७६ ची वर्ल्ड सीरीज त्यानं ज्या सिनसिनाटी रेड्सकडून जिंकली, त्यांनीच ऑगस्टमध्ये त्याला सोडलं. ३१ ऑगस्टला तो मुलाच्या संघातून खेळायला उतरला. इकडे रेड्सनी ऑक्टोबरमध्ये पुन्हा विजेतेपद मिळवलं. मला विचाराल तर फायद्यात सीनिअरच राहिला.

बाबांच्या साठीला सगळे जमलो होतो, तेव्हा मी ही क्लिप टीव्हीवर लावली. बेसबॉल कुणालाच कळत नाही. तरी दुसऱ्या होमरनला मावशीनं टाळ्या पिटल्या. मग मी तिला डोनोराबद्दल सांगत बसलो. पेनसिल्व्हेनियातलं पोलाद कारखान्याचं हे गाव. १९४८ मध्ये तिथे विषारी धुक्यानं २० माणसं मेली. दोघे केन तिथलेच. थोर फलंदाज स्टॅन म्युझिअलही तिथलाच, आणि ज्युनिअरचा जन्म त्याच्याच वाढदिवशी, २१ नोव्हेंबरला. सीनिअरचे वडील बडी शाळेत म्युझिअलसोबत खेळायचे.

सीनिअर लहान असतानाच बडी घर सोडून गेले. त्याला वाढवलं आईनं.