इथे सर्व खैरियत आहे

रमजानच्या आधी दरवर्षी आमच्याकडे घर धुवून-पुसून काढतात. यंदा माळा आवरताना पत्र्याची एक जुनी पेटी हाती लागली. आत रबराने बांधलेली निळी हवाईपत्रं होती आणि चौदा कॅसेट्स. पत्रं मी लगेच ओळखली, कारण त्यातली बरीचशी माझ्याच हस्ताक्षरात होती.

आमचं गाव सावित्रीच्या खाडीकाठी. इथले मुसलमान कोकणी बोलतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पोट भरायला बाहेर जातात. माझे पणजोबा इंग्रजांच्या आगबोटीवर खलाशी होते. त्या काळात पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकचं काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा असे. आजोबा मुंबईत गोदीत होते आणि जमातीच्या खोलीत राहायचे. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची कोंडी केली, काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला आणि आखातात बांधकामं सुरू झाली. मग आमच्या गावाची वाट मुंबईवरून पुढे गेली. तसा आखाताशी जुना संबंध होताच. तिकडे आपला रुपयाच चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास त्या भागासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. आता मात्र तरणी माणसं थव्याने निघाली. अब्बा कुवेतला गेले, दोन वर्षांच्या करारावर. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. अठरा वर्षं हाच हिशेब चालला.

अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी उर्दू शाळेत होतो, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्याकडे. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली : इथे सर्व खैरियत आहे आणि तुमची खैरियत खुदाकडे नेक मागतो. त्याखाली पैसे पोचले, कौलं बदलली, दादीचा खोकला कमी आहे. अम्मी कोकणीत सांगायची, मी ते शाळेतल्या उर्दूत घालायचो. तिच्या तोंडचे शब्द त्या भाषेत कधी पोचलेच नाहीत. शिवाय दहा-बारा वर्षांच्या पोराला बाई काय सांगणार? आणि तिकडून आलेलं पत्रही मीच मोठ्याने वाचायचो, दादीसमोर, चाचींसमोर. नवरा-बायकोचं एकही वाक्य त्या कागदावर एकांतात उमटलं नाही.

मग टेपरेकॉर्डर आला. गावात 'दुबईचा माल' म्हटलं की घड्याळ, अत्तर आणि टू-इन-वन. आपण तो गाणी ऐकण्याचं यंत्र समजतो. आमच्या गावच्या बायकांच्या आयुष्यात मात्र त्याने मोठी उलथापालथ केली. लिहिता न येणारी बाई पहिल्यांदाच कुणालाही मध्ये न घेता, स्वतःच्या बोलीत बोलू शकली. रात्री सगळे झोपले की अम्मी दार लावून घ्यायची. आतून हळू आवाज यायचा. सकाळी कॅसेट कापडात शिवलेली असायची आणि कुवेतला परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती पोचवायचं काम माझं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. गावातली सतरा माणसं तिथे होती. फोन बंद, टपाल बंद. गावात एकाच घरी टीव्ही होता. बातम्यांच्या वेळी तिथे बायकांची गर्दी व्हायची, पण कुणी बोलत नसे. अब्बांची शेवटची कॅसेट जुलैत आली होती. अम्मी ती रोज रात्री लावायची. एकदा फीत अडकून तुटली, तेव्हा तिने माझ्याकडून चिकटपट्टी लावून घेतली आणि पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली. त्याच दिवसांत तिला छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली. शेजारच्या तीन घरांतही तीच इंजेक्शनं चालू होती.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने आणि इतरांनी मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं. बहुतेक जण बगदादवरून जॉर्डनला, अम्मानच्या विमानतळावर पोचले होते. अब्बा सप्टेंबरच्या शेवटी घरी आले, एक पिशवी घेऊन. दादीने सदका काढला, गावात मिठाई वाटली. पण अब्बा पडवीत बसून राहायचे. रात्री दचकून उठायचे आणि दाराची कडी तपासायचे. वाटेत काय पाहिलं हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी कुवेत मोकळं झाल्यावर ते पुन्हा गेले. २०१६ साली त्या सुटकेवर सिनेमा आला. मी म्हटलं, बघू या. ते नमाजला उठून गेले.

हजरत उमर यांच्या खिलाफतीतला एक प्रसंग सांगितला जातो. रात्रीच्या गस्तीत त्यांच्या कानावर एका बाईचा आवाज पडला. तिचा नवरा मोहिमेवर गेलेला होता आणि ती आपल्या एकटेपणाबद्दल बोलत होती. उमर यांनी आपली लेक हफ्सा हिला विचारलं, बाई नवऱ्यावाचून किती दिवस काढू शकते? तिने काही महिन्यांचीच मुदत सांगितली. रिवायतींत कुठे चार महिने आहेत, कुठे सहा. त्यावरून सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवू नये असा हुकूम निघाला. हा प्रसंग मी अनेक वाजांमध्ये ऐकला आहे. मात्र दोन-दोन वर्षांच्या करारावर माणसं पाठवणाऱ्या आमच्या गावात तो स्वतःला लावून बघितलेला मी ऐकला नाही.

आता माझा धाकटा भाऊ दोह्यात आहे. रोज व्हिडिओ कॉल येतो. पोरं पडद्यावर दिसतात, जेवणाचं ताट दिसतं. एकमेकांचे चेहरे दिसत असतानाही बोलणं तेच : इकडे ठीक, तिकडे ठीक. गेल्या वर्षी त्याची नोकरी चार महिने गेली होती, हे आम्हाला नवीन नोकरी लागल्यावर कळलं.

पेटीतल्या कॅसेट्समध्ये दोन अम्मीच्या आहेत, बहुधा रजेवर येताना अब्बांनी परत आणलेल्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देणारा माणूस महाडला मिळाला. अब्बा आता नाहीत. अम्मीला विचारलं, लावू का? ती म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हतं."

मी कॅसेट्स तिच्या कपाटात ठेवल्या. रात्री भावाला फोन केला, या वेळी व्हिडिओ बंद ठेवून. म्हटलं, खैरियत सोडून बाकीचं सांग. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, भाई, झोप येत नाही.